रायफल उजवीकडे कलते

(सकाळ. गोळीबाराच्या मैदानावरचं धुकं विरतंय. पुतणी रायफल घेऊन चटईवर पालथी पडलीय; शेजारी काका दुर्बिणीतून निशाण बघतोय.)

काका: परत उजवीकडे. आणि जरा खालीच.

पुतणी: वारा असेल.

काका: कुठला वारा? तो झेंडा बघ, मरगळून पडलाय नुसता.

पुतणी: मग रायफलच बिघडलीय.

काका: नाचता येईना अंगण वाकडं! जवळच्या निशाणावर हीच रायफल मधोमध मारत होती ना?

पुतणी: हो रे. लांबचं निशाण मात्र पाण्यावर तरंगतंय असं दिसतं. बघता बघता डोळे जड होतात. मी मैदानावर आहे की गादीवर, तेच कळेनासं होतं.

काका: माझे आई, दुपारी निवड आहे! झोप नंतर काढ. हलू नकोस, पाणसळ ठेवतो रायफलवर. बघ बुडबुडा.

पुतणी: डावीकडे पळाला.

काका: म्हणजे रायफल उजवीकडे कललीय.

पुतणी: एवढीशी तर कललीय!

काका: एवढीशीच पुरते. लांब जाताना गोळी वाटेत खाली येते, म्हणून नळीचं तोंड जरा वर धरतो की नाही आपण? रायफल कलली की ती उचल बाजूला जाते. जवळ खपून जातं गं. तिथं पार टोकाला हातभर चुकतं.

पुतणी: सरळ केली. आता?

काका: आता बुडबुडा बरोबर मधे.

पुतणी: पण मला पडल्यासारखं होतंय. जमीनच तिरकी झाल्यासारखी.

काका: कारण तू मान उजवीकडे टाकतेस. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी. कुणाचं ऐकतेस?

पुतणी: कुणाचंच नाही.

काका: बोल की.

पुतणी: बाबांचं. ते उजवीकडेच पडायचे ना, दुर्बीण लावून. ‘डावा वारा... थांब... हं, आता,’ असं पुटपुटायचे.

काका: अगं, ऑपरेशननंतर आवाज गेला त्याचा.

पुतणी: माहितीय मला. तरी गोळी सोडायच्या आधी वाटतं, आता बोलतील.

काका: काल मला खुणेनं सांगत होता, यापुढे तूच बस तिच्याजवळ, माझा काही उपयोग नाही. म्हणून तर मागं बाकावर जाऊन बसलाय.

पुतणी: उपयोग नाही? असं म्हणाले? काका, राग मानू नकोस, पण मला तू नकोयस. बाबा नसतील तर निवड होऊन तरी काय करू मी?

काका: घ्या! गरज सरो, वैद्य मरो! पण त्याला उजवीकडे बसवायचं नाही हं. परत कलशील.

पुतणी: मागे बसू देत, माझ्या पायांशी. गोळीची वाट मागूनच नीट दिसते.

काका: आणि हा आता सुटलेला वारा सांगणार कसा?

पुतणी: टाचा धरून. डावी दाबली की डावा, उजवी दाबली की उजवा. दोन्ही सोडल्या की मारायचं. बोलाव ना त्यांना.

काका: दादा! ए दादा, ये बाबा इकडे! तुझी लेक मला हाकलतेय!

पुतणी: येतायत?

काका: आला. डोळे पुसतोय आणि मला चष्मा दाखवतोय, जसं काही मला कळतच नाही. बस दादा, इथं. हं, धर टाचा.

पुतणी: किती गार हात आहेत, बाबा... डावा... अजून डावा... सोडल्या.

काका: अगं मधोमध! मधोमध लागली गं!

पुतणी: गप्प बस, काका. बाबा सांगतायत.