विनीचा आवाज कपाटात

...आणि वर आणखी एक पुस्तिका दिली! पंधरावी! अगं बाई, चौदा आहेत घरी, म्हटलं, तर मुख्याध्यापिका म्हणते, 'द्यावीच लागते, डेलबर्टकाका. आणि मिळाली म्हणून इथं सही.' मिळाली म्हणून हं! वाचली म्हणून कुणी सही मागत नाही. 'पालकांचे हक्क', अठ्ठेचाळीस पानं, अक्षर मुंगीएवढं... शाळेत बैठक झाली की पुस्तिका. आधीच्या चौदा आमच्या तळघरातल्या फ्रीजरखाली होत्या. डावा पाय आखूड आहे त्याचा. तुम्हाला सांगतो, हक्कांवर उभा असा फ्रीजर अख्ख्या नेब्रास्कात दुसरा नसेल!

आता झालं काय, माझी नात विनी. नऊ वर्षांची, चाकाच्या खुर्चीत असते. ऐकू येतं सगळं, कळतं तर माझ्यापेक्षा जास्त, पण तोंडातून शब्द फुटत नाही. हातही मनासारखा वळत नाही, एक बोट तेवढं चालतं. मग शाळेनं तिला बोलकी पाटी दिली. चित्रावर बोट ठेवायचं, पाटी बोलते. दोन वर्षांत पोरगी अशी बोलायला लागली म्हणून सांगू! पण शाळेत. कारण रोज तीन वाजले की पाटी कपाटात, कपाटाला कुलूप. शुक्रवारी गेली की थेट सोमवारी आठ वाजता बाहेर. का? तर शाळेची मालमत्ता! अहो, खुर्च्या ठेवा कपाटात, नकाशे ठेवा... माणसाचा आवाज कधी कपाटात ठेवतात का?

गेल्या जानेवारीत शनिवारी सकाळपासून रडतेय. मी विचारतोय, भूक लागली? थंडी वाजते? कुत्रा आत घेऊ? मान हलवते आणि रडते. मी आपला पॅनकेक भरवतोय. सोमवारी पाटी हातात आली आणि पहिला शब्द काय? 'कान.' दोन दिवस पोरीचा कान ठणकत होता हो, आणि मी पॅनकेकवर पाक ओततोय! फार लागलं ते मनाला.

गेलो शाळेत. मुख्याध्यापिका कोण, तर आपली पॉला. एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली, ही पोरगी माझ्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसून नाकात बोट घालायची. म्हटलं, 'पॉला, पाटी घरी दे.' तर हळू आवाजात, 'काका, मला कळत नाही का? पण हे आमच्या हातात नाही हो, वर विचारा.'

वर म्हणजे ट्विगरसाहेब. चाळीस मैलांवर बसतात आणि सहा गावांच्या शाळा बघतात. टाय सरळ करत म्हणाले, 'मिस्टर क्राउस, भावना समजतात. पण नियम राज्याचा. हे आमच्या हातात नाही, वर विचारा.'

राज्याच्या कचेरीत फोन लावला. पावणेदोन तास व्हायोलिन ऐकलं. तेवढ्यात मी घेवडा निवडला, भांडी घासली, कुत्र्याची नखं कापली, मग एक बाई आल्या, आवाजात नुसता मध: 'होय हो आजोबा... अगदी खरं हो आजोबा... पण मूळ कायदा वॉशिंग्टनचा ना! हे आमच्या हातात नाही, वर विचारा.'

आता वॉशिंग्टन! अहो, मी कोण माणूस? वीस वर्षं माझ्या अंगणात फलक होता, 'आमची शाळा आम्ही चालवू, वॉशिंग्टननं हात काढावा!' शेवटी शेवटी बायकोनं त्यावर टोमॅटोचे वेल चढवले होते, पण फलक होता! गावच्या शाळा-मंडळाच्या सभेत उठून बोललेला माणूस मी, की त्या लोकांना आमच्या पोरांची नावं तरी माहीत आहेत का? आणि आता मीच त्यांना फोन लावायचा? कोणत्या तोंडानं?

तेव्हा एव्हरेट आठवला. माझा थोरला भाऊ. त्याचं विनीसारखंच होतं. तेव्हा वॉशिंग्टनचा कायदा नव्हता, गावची शाळा गावच्याच हातात होती, पूर्णपणे. आई त्याला घेऊन गेली, तर तेव्हाचे मुख्याध्यापक, भला माणूस, चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसायचा, म्हणाला, 'याला आम्ही नाही घेऊ शकत, बाई.' झालं. अपीलबिपील काही नाही. मी सकाळी बसमध्ये चढायचो आणि एव्हरेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात हलवायचा. रोज. कायदा झाला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा झाला होता. बसचा ड्रायव्हर मी उगाच नाही झालो. हे मी त्या सभेत कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

असो. लावला फोन. वॉशिंग्टनला मात्र तिसऱ्या घंटेला उचलला! तरुण आवाज, मागे सगळं रिकामं असल्यासारखा घुमतोय. मी आपलं अथपासून इतिपर्यंत सांगितलं, कान, पॅनकेक, व्हायोलिन, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणतो, 'सर, कायदा आमचा आहे, पण आता सगळा कारभार राज्यांकडे द्यायचं चाललंय. आणि खरं सांगू का, हे आमच्या हातात नाहीच मुळी, हे...'

'वर विचारू?' मी म्हटलं. 'तुमच्या वर आता देवच राहिला, बाबा!'

'नाही सर, खाली विचारा. मुलीच्या शिक्षणाची योजना जी बैठक ठरवते ना, तिच्याच हातात आहे. तुमच्या गावच्या. घरी गरज आहे असं त्यांनी लिहिलं, की शाळेला पाटी द्यावीच लागते. तुम्हाला पुस्तिका मिळाली असेल ना? पान एकतीस.'

पान एकतीस! फ्रीजरखाली! तुम्हाला सांगतो, फ्रीजर रिकामा केला. दीडशे मक्याची कणसं, हिवाळ्याचं सगळं मांस, बायकोच्या हातची शेवटची चेरी पाई, जी मी तीन वर्षं खात नाहीये... लोरेननं, म्हणजे माझ्या मुलीनं, विनीच्या आईनं, एक बाजू उचलली, मी पोटावर झोपून पुस्तिका ओढली. वरच्या चिकटल्या होत्या, मधली एक शाबूत. पान एकतीस. होतं की हो! चौदा वेळा सही करून घेतलेलं!

बैठक मागितली, परवा गुरुवारी झाली. बालवाचनालयात, छोट्या खुर्च्यांवर आठ मोठी माणसं, सगळ्यांचे गुडघे हनुवटीला. माझ्यासमोर नेहमीप्रमाणे कागदी रुमालांचा डबा, घरचा माणूस रडणार हे धरूनच चालतात. मी रडलो नाही. चष्मा लावला आणि पान एकतीस वाचलं. ट्विगरसाहेबांनी पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट केली, म्हणाले, 'हे... आधीपासून होतं यात?' आणि पॉला रडायला लागली. 'काका, नऊ वर्षं मी ही वाटतेय...' डबा सरकवला तिच्याकडे. बसच्या तिसऱ्या बाकावरची पोरगी, तिला काय बोलायचं?

लिहिलं: 'पाटी घरी नेता येईल.' सगळ्यांच्या सह्या. आणि मग ती पंधरावी पुस्तिका!

काल शुक्रवार. पाटी घरी आली. विनी बोलली, दुपारी साडेतीन ते रात्री नऊ! 'आजोबा घोरतात.' 'शाळेतली राजम्याची चिली पाणचट होती, दालचिनीचा रोल छान.' 'पॅनकेक पुरे.' 'आई, दमलीस?' लोरेन उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बसली. घरात रुमालांचा डबा नव्हता, भांडी पुसायचं फडकं दिलं.

आज सकाळी अकरा वाजता पाटीवर लाल दिवा लागला. चार्जर? चार्जर कपाटात! पॉलाला घरी फोन केला. 'अगं बाई... काका, बैठकीत पाटी लिहिली, चार्जर नाही लिहिला. सुट्टीत किल्ली ट्विगरसाहेबांकडे. पुढची बैठक येत्या गुरुवारी घेऊ? हे माझ्या हातात नाही हो...' म्हणजे सोळावी पुस्तिका. फ्रीजर आता उजवीकडे कलणार!

विनीनं सगळं ऐकलं. बोट ठेवलं: 'चार्जर?' आणि तुम्हाला सांगतो, शपथेवर सांगतो, माझ्या तोंडून काय निघालं? 'बाळा, ते आपल्या हातात नाही गं.' माझ्या तोंडून! तिनं माझ्याकडे पाहिलं, अगदी शांतपणे, आणि एकेक चित्र शोधत लावलं... 'मग... वर... विचारा... आजो...' आणि पाटी बंद.

म्हणून गाडी काढली आणि इथं कॉफीच्या दुकानात आलो. मंडळी, कॉफी पिता पिता जरा खिसे, पिशव्या, गाडीचे कप्पे बघता का? गोल पिनेचा, जाडसर, काळा चार्जर... कुणाकडे? तुमच्याकडे? तुमच्या मुलाकडे? ...नाही?

राहू द्या, राहू द्या. तुमच्याही हातात नाही ते.