दत्तूचे कान

शैला : हसू नका! आईंनी टीबीच्या गोळ्या गटारात टाकल्यात.

दत्तू : हसत न्हाय गं, तोंडच तसं हाय माझं. आय, कवा टाकल्यास?

पुतळाबाई : गेल्या शुक्रवारी. प्रार्थनासभेत त्या प्रचारक ब्रदरनी तुझ्या कानात बोट घातलं, तू वरडलास, "ऐकू आलं!" त्याच सांजंला. पोराचे कान बरे झाले, तर माझी छाती काय अवघड हाय प्रभूला?

दत्तू : अगं, मी बहिरा नव्हतोच! लूमच्या खडखडाटानं कान गेले म्हणून महिनाभर नाटक केलं. हिची कटकट टाळायला. मग सभेत म्हटलं, थोडी गंमत करू.

शैला : झाली गंमत.

पुतळाबाई : ब्रदर आज आपल्याकडं मुक्कामाला यायचे म्हटल्यावर शब्द फिरवतोस व्हय?

दत्तू : कसम से, आय!

पुतळाबाई : तुझी कसम? माझ्या मरणाची खबर देऊन मुकादमाकडून दोन दिवस सुट्टी काढलीस. मी जिवंत असताना!

शैला : आज सकाळी खोकताना आईंच्या पदराला रक्त लागलं. आणि तो माणूस आपल्याच घरी जेवून तुमचे कान बरे केल्याची साक्ष सांगणार. नारपोलीत आणखी किती जणांची औषधं सुटतील?

दत्तू : आत बसवून समजावतो ना. चहा पाजून.

शैला : अजिबात नाही. बायबलात योहानानं सरळ लिहिलंय, खोटं शिकवणाऱ्याला घरात घेऊ नका, सलामही करू नका. केला, की त्याच्या पापात आपलाही वाटा.

दत्तू : माझा वाटा तर कवाच पडलाय.

पुतळाबाई : दारात आलेल्याला सलाम न्हाय? आपल्यात असं कोण करतं? आणि ह्यो? ह्यो तर पोलिसाच्या कुत्र्यालाबी सलाम ठोकतो!

(दारावर थाप. बाहेरून हाक : "सलाम, दत्तूभाऊ! प्रभूची स्तुती असो!")

पुतळाबाई : आले बघ. सलाम घे... दत्तू? परत गेले काय रं कान?

दत्तू : न्हाय, आय. ऐकू येतंय. पयल्यापासून येतंय.

पुतळाबाई : मग बोल की! शुक्रवार हाय, लूम बंद, समदी गल्ली ऐकतेय... आरं, हस तरी.

शैला : आई...

पुतळाबाई : हसत न्हाय गं त्यो.

शैला : हो.

पुतळाबाई : शैले, सरकारी दवाखाना आज उघडा असतो का?