विसाव्या घराची मूठ

मंडळी, एक सांगा. रुसून न आलेल्या माणसासाठी पंगत किती वेळ थांबवायची? पाच मिनिटं? दहा? का "त्याचं त्याला लखलाभ" म्हणायचं आणि वाढायला सुरुवात करायची? — हसताय काय! आपण हेच करतो!

ऐका तर. जव्हारकडच्या डोंगरात एक पाडा. वारल्यांची वीस घरं. आपण या लोकांना काय म्हणतो? मागासलेले! त्यांना शिकवायला निघतो आपण! बरं. त्या पाड्याची रीत अशी — नवं भात पिकलं की कुणी एकट्यानं खायचं नाही. प्रत्येक घरानं मुठीपुरत्या लोंब्या खुडायच्या, कांडायच्या, आणि ते मूठभर तांदूळ गावदेवापुढच्या एका मडक्यात टाकायचे. तो भात देवाला, मग सगळ्यांना. त्यानंतरच ज्यानं त्यानं आपल्या शेताला विळा लावायचा.

एका वर्षी एकोणीस मुठी आल्या. विसावी नाही! लाडक्याची. का? तर त्यानं ओढ्याचं पाणी चोरून आपल्या शेतात वळवलं होतं, आणि शेजारच्या जेठ्यानं ते चारचौघांत बोलून दाखवलं. चूक कुणाची? लाडक्याची! आणि रुसलं कोण? लाडक्याच! अहो, रुसायला माणूस बरोबर कुठं असावा लागतो?

"माझी मूठ तुमच्या मडक्यात नाय पडायची!" असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं.

कुणीतरी म्हणालं, "एकोणीस पुरे झाल्या. चढवा मडकं!"

त्यांचा पुजारी, म्हणजे म्हातारा भगत, म्हणाला, "देवानं इचारलं, विसावा कुठं, तं काय सांगू? रुसला म्हणून उपाशी ठेवला?"

झालं! मडकं थांबलं. एक दिवस गेला. दोन. तीन! शेतात भात पिकून वाकलंय, दाणे गळायला लागलेत — आणि घरात जुना दाणा शिल्लक नाही. माणसं रानातले कंद उकडून खातायत. पण दंड नाही, वाळीत टाकणं नाही, शिवीसुद्धा नाही! आपण असतो तर? एव्हाना वकील गाठला असता!

चौथ्या दिवशी सकाळी जेठ्या उठला. ज्याचं पाणी चोरीला गेलं, तो! लाडक्याच्या अंगणात जाऊन बसला.

"लाडक्या, भूक लागली रे."

आतून आवाज, "मग खा ना! मी का तुझा हात धरलाय?"

"धरलायस."

जेठ्या दाराजवळ सरकला.

"बरं, तू तरी जेवलास का नव्याचं?"

 मग लाडक्याची बायको राघीच आतून ओरडली — कावली होती बिचारी! — "कुठला जेवतो! तीन दिस भूक भूक करून माझं डोकं खातोय. लोंब्या खुडून आणते म्हटलं, तं म्हणतो, मडकं चढल्याबिगर नवं कसं खायचं!"

अहो मंडळी! मडक्याला मूठ देणार नाही म्हणणारा — मडक्यासाठीच उपाशी! राग होता, पण रीत मोडायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. काय माणसं म्हणायची ही!

जेठ्या पोट धरधरून हसला. लाडक्या तणतणत बाहेर आला, तो भांडायलाच. पण समोर जेठ्याचं खपाटीला गेलेलं पोट दिसलं आणि तो मटकन खाली बसला.

"पाणी मीच चोरलं, दादा."

"ठावं आहे. ऊठ, मूठ घे."

एवढंच. विसावी मूठ पडली आणि मडकं चढलं!

आता तुम्ही. मंडपामागं महाप्रसाद तयार आहे, वास मलाही येतोय. पण वरच्या आळीतलं एकही माणूस इथं दिसत नाही. सकाळी मी विचारलं, तर म्हणालात, "महाराज, त्यांचं नि आमचं दोन वर्षं पटत नाही."

अध्यक्ष, मान खाली घालू नका. चपला घाला! जा, घेऊन या त्यांना. आरती तोवर थांबेल.