ओला रंग

हॅलो?… हो ताई, मीच. हळू बोलते जरा… नाही गं, घसा नाही बसला. बाबा झोपलेत… हो, दुपारी तीन वाजता… अगं, बरे आहेत. मी झोपू दिलंय. मुद्दाम.

कुठला फॉर्म? वृद्धाश्रमाचा?… हो, टेबलावरच आहे, समोर. नाही, सही नाही घेतली अजून… माहितीये मला, उद्या सकाळपर्यंत कळवायचंय, नाहीतर तळमजल्याची खोली दुसऱ्या कुणाला जाईल… हो, मीच मागे लागले होते तुझ्या. मला एकटीला झेपत नाही म्हणून रडलेही होते. नाकारतेय कुठे? पण आधी माझं ऐकून घे.

अगं ऐक ना… सकाळी ती फिजिओथेरपीवाली मुलगी येऊन गेली. बाबा एका पायावर उभे राहिले.

नाही, भिंतीला धरून नाही. कशालाच न धरता.

हो, आपलेच बाबा. दुसरे कुठून आणू?

सांगते, सुरुवातीपासून सांगते. त्या मुलीनं टॅबवर एक फिल्म दिली होती, आठवतंय? एक टकलू माणूस, मोजे घातलेला, हलत्या फळीवर एका पायावर उभा राहतो. आठ मिनिटं नुसता उभा. बाबांनी खुर्चीत बसून ती बघायची, बस. हलायचं नाही, काही नाही… हो, तू हसली होतीस. मीसुद्धा हसले होते. म्हटलं, नुसतं बघून तोल यायला लागला तर सर्कस बघणारा प्रत्येक जण दोरीवरून चालला असता.

पण बाबा नाही हसले. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या ना त्यांनी. म्हणाले, मला उस्तादांनी सहा महिने ब्रशला हात लावू दिला नव्हता, नुसतं बघ म्हणायचे… आणि बाबा ती फिल्म असं बघायचे, ताई, नाकाला चष्मा चिकटवून. मला सांगतात, हा टकलू डावीकडे जायला लागला की आधी अंगठा दाबतो, मग गुडघा सैल सोडतो. मी तीच फिल्म रोज त्यांच्याबरोबर बघत होते. मला फक्त टक्कल दिसलं होतं.

हो ना, महिनाभर काहीच फरक नव्हता. तीन सेकंद, की गेला तोल. मीच तुला कळवत होते दर आठवड्याला… तेच तर सांगतेय. चूक माझी होती.

माझी म्हणजे माझी. जेवण झालं की फिल्म, आणि फिल्म संपली की त्यांचे डोळे मिटायला लागायचे. आणि मी उठवायचे. रोज. बाबा, उठा, दिवसा झोपू नका, चला, गॅलरीत फेऱ्या मारू… कधी टाळ्या वाजवून, कधी रेडिओ मोठ्यानं लावून.

का म्हणजे?… तुला माहितीये का ते.

आई अशीच दुपारी झोपली होती ना, ताई. मी म्हटलं होतं, झोपू दे तिला जरा. मग… हो. मला कुणाची दुपारची झोप बघवतच नाही तेव्हापासून.

नाही, रडत नाहीये. ऐक. पंधरा दिवसांपूर्वी त्या मुलीनं सहज विचारलं, फिल्मनंतर झोपतात ना आजोबा? मी मोठ्या ऐटीत म्हटलं, छे, मी झोपूच देत नाही. तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हो, बघून झालं की झोपू द्या. बघितलेलं झोपेत पक्कं होतं म्हणे… आता कसं ते तिलाही नीट सांगता येईना. म्हणाली, सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, पण करून बघू.

आणि बाबा काय म्हणाले असतील? आतून ओरडले, अगं, रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देत नाहीत. तू महिनाभर ओल्या रंगाला बोटं लावत होतीस.

हस, हस. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग काय, पंधरा दिवस झोपू दिलं. मी दारात स्टूल टाकून बसते. छाती वरखाली होतेय ना, बघत… तू नको शिकवू मला, माझं मला माहितीये. आणि ताई, झोपेत त्यांचा पाय हलतो. म्हणजे अंगठा. पांघरुणाबाहेर आलेला अंगठा असा दाबल्यासारखा होतो, मग सुटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला. उठून जवळ गेले नाही. देवघरात बसल्यासारखी गप्प बसले.

थांब, आत काहीतरी वाजलं… खिडकी असेल.

हो, तर आज सकाळी. ती मोजत होती. तीन झाले, पाच झाले, नऊला ती थांबलीच मोजायची, नुसती बघत राहिली. मी मनातल्या मनात सतरापर्यंत गेले. शिडीवर उभे राहायचे ना, तसा चेहरा झाला होता त्यांचा. जीभ जराशी बाहेर… हो, अगदी तशीच.

तसं नाही गं. काठी सोडा असं कुणीच म्हणालेलं नाही. पायपुसण्यावरून पडले तो दिवस मीही विसरलेले नाही, आणि अजूनही मी त्यांना अर्धाच कप चहा देते, सांडतो म्हणून. मी फक्त एवढंच म्हणतेय, उद्या नको कळवू. महिनाभर थांब.

सतरा म्हणजे कमी? ताई, तू उभी राहून बघ… मी? मला येईल की. एकावन्नाव्या वर्षी एवढंही येणार नाही का… बरं, थांब. चप्पल काढते. तू मोज. हं, उचलला… टेबल धरलेलं नाही, शप्पथ… चार… पाय केवढा थरथरतो गं… पाच… अगं, अगं…

…

हॅलो?… आहे, आहे मी. फोन पडला हातातून… मी नाही पडले. धरलं मला.

बाबांनी.

कधी उठले कळलंच नाही. मागून आले, दंड धरला आणि सरळ उभं केलं… चार महिने मी त्यांना धरतेय, ताई. हात अजून तसाच आहे गं त्यांचा, घट्ट.

काठी आतच आहे, पलंगाला टेकलेली… रागावले नाहीत. आधी अंगठा दाब, म्हणाले, मग गुडघा.

नाही, एकाच हातानं धरलं. दुसऱ्या हातात चहा होता… हो, स्वतः केला. माझ्यासाठी… अर्धा नाही गं. काठोकाठ.

बघतेय ना, बशीच बघतेय. कोरडी आहे.

ताई?… हो. तूच कळव त्यांना, खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं… बोलू मग. ठेवते आता, चहा निवतोय.