पोपटाच्या चोचीची खूण

(धाकट्या भावाची सुतारकामाची खोली. वर्षभरात इथं रंधा चाललेला नाही. थोरला नुकताच बाहेरून आलाय.)

रंध्या : पाणी पी आधी. आणि मग सरळ सांग, बोललास की नाही त्यांच्याशी?

दादा : सांगतो रे. आधी त्या संग्रहालयाचा जिना ऐक. ऐंशी पायऱ्या, आणि दर पायरीवर एक शिपाई. खालच्यापेक्षा वरच्याची मिशी मोठी...

रंध्या : दादा.

दादा : बरं, चाळीस.

रंध्या : ट्रॉली तळमजल्यावर आहे. पेपरात छापलंय.

दादा : तीन पायऱ्या. पण माझ्या गुडघ्यांना विचार.

रंध्या : बघितलीस तिला?

दादा : बघितली. काचेच्या खोलीत एकटीच उभी आहे, वर दिवा. आपल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात चार आरामखुर्च्यांच्या मागे दाटीवाटीत पडलेली असायची, आता ओळखू येईना. शेजारी कार्ड लावलंय. 'चहा वाढण्याची शिसवी ट्रॉली. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची. गव्हर्नरच्या बंगल्यातील. कारागीर अज्ञात.' आणि त्याखाली पोपट.

रंध्या : कसला पोपट?

दादा : माझाच. गव्हर्नरच्या मडमेचा. रोज चार वाजता ट्रॉलीवर बसून दिवाणखान्यात यायचा, आणि चहा गार असला की रागानं दांड्यावर चोच मारायचा. विकताना गिऱ्हाइकाला सांगितली होती मी ही गोष्ट. त्याच्या मुलीनं ट्रॉली संग्रहालयाला दिली, सोबत पोपटही दिला. 'दांड्यावर चोचीची खूण आजही दिसते,' असं लिहिलंय.

रंध्या : ती पटाशीची खूण आहे.

दादा : मला सांगतोस?

रंध्या : तू दारातून काहीतरी बरळत आलास. मी हसलो, पटाशी निसटली. मी दांडा बदलणार होतो. तूच म्हणालास, राहू दे, हिच्यावर गोष्ट बसेल.

दादा : बसली.

रंध्या : पुढं?

दादा : तिथल्या मुख्य बाईंना गाठलं. चष्मा गळ्यात, स्वभावानं चांगल्या. म्हटलं, बाई, ही ट्रॉली दीडशे वर्षांची नाही, तेहतीस वर्षांची आहे. लाकूड तेवढं जुनं. एक बंगला पाडला, त्याच्या दारांचं. माझ्या भावानं केलीय. चहाच्या पाण्यानं काळवंडवली, साखळीनं बडवली, तापल्या तारेनं किडीची भोकं पाडली. गव्हर्नर नाही, मडम नाही, पोपट नाही, सगळं माझ्या तोंडातून निघालंय.

रंध्या : असं म्हणालास? स्पष्ट?

दादा : एवढं स्पष्ट मी लग्नाच्या बोहल्यावर बोललो नव्हतो.

रंध्या : मग?

दादा : हसल्या.

रंध्या : हसल्या म्हणजे?

दादा : डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारच्या खोलीतली दोन माणसं बोलावली. 'पोपटवाले काका आलेत, या, नवीन गोष्ट सांगतायत.' खुर्ची दिली, चहा दिला. किडीच्या भोकांचं परत सांगायला लावलं. मी हात जोडले, म्हटलं, बाई, हे खरं आहे. तर म्हणतात कशा, 'काका, पोपट जास्त खरा वाटतो हो.'

रंध्या : तू हसत हसत सांगितलं असशील.

दादा : नाही रे. पण माझं तोंडच तसं झालंय. पन्नास वर्षं त्यातून दुसरं काही बाहेर पडलंय का? प्रत्येक ट्रॉलीला एक मडम, प्रत्येक टेबलाला एक खून. आता खरं बोलायला गेलो तर ते बिचारं एकटं पडलं.

रंध्या : मला काय पुतळा हवा होता का? कार्डावर एक ओळ. या माणसानं ही केली. कुठंतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

दादा : मी शेवटी म्हटलं, माझा भाऊ इथं तुमच्यासमोर अशीच दुसरी करून दाखवेल. त्या लगेच म्हणाल्या, 'आणा की.'

रंध्या : आणि?

दादा : आणि मी चहा संपवून उठलो.

रंध्या : बरं केलंस. सकाळी बशी धरवली नाही मला. पटाशी काय धरणार.

दादा : डॉक्टर म्हणाला होता ना, गोळ्यांनी कंप उतरेल.

रंध्या : डॉक्टर तुझ्या पंथाचा आहे. ते जाऊ दे. तू तिला उलटी करायला का नाही सांगितलंस?

दादा : कुणाला, बाईंना?

रंध्या : ट्रॉलीला. खालच्या फळीच्या पोटात, डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलनं माझं नाव आहे. महिना, साल. मी प्रत्येक वस्तूवर लिहायचो. तुला कधी बोललो नाही, तू ओरडला असतास. उद्या परत जा. म्हणावं, फक्त उलटी करा. गोष्ट सांगूच नकोस, तोंड उघडू नकोस. आपोआप... काय झालं?

दादा : रंध्या, तिथं काही नाही.

रंध्या : आहे. मी लिहिलंय.

दादा : लिहिलं होतंस. मला माहीत होतं. पहिल्या खुर्चीपासून माहीत होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी मी माल उलटा करायचो, पॉलिश पेपरनं घासायचो आणि वर चहाचं पाणी फिरवायचो. गव्हर्नरच्या ट्रॉलीवर तुझं नाव निघालं असतं तर दुकान बसलं असतं.

रंध्या : पॉलिश पेपरनं.

दादा : शिवी दे.

रंध्या : तुझं अक्षर चांगलं, म्हणून बाबांनी तुला दुकानात बसवलं. माझं वाईट. एक नाव लिहायला मला पाच मिनिटं लागायची. जीभ बाहेर काढून लिहायचो.

दादा : बघितलंय मी. दाराआडून.

रंध्या : बघून मग घासायचास.

दादा : हो.

रंध्या : सगळ्यांवरचं?

दादा : सगळ्यांवरचं... नाही, थांब. एक राहिलं होतं. ते गोल टेबल, दुमडत्या पायांचं. गिऱ्हाईक ठरल्या वेळेआधी येऊन टपकलं. घासायला वेळच मिळाला नाही. तसंच गेलं ते, नावासकट.

रंध्या : हे आत्ता सुचलं तुला?

दादा : आठवलं.

रंध्या : माझ्याकडे बघून सांग.

दादा : बघतोय की.

रंध्या : राहू दे. खरं की खोटं ते नको सांगूस. कुणाच्या घरी गेलं ते टेबल, तेवढं सांग.