गिरीचं पान

बेंगळुरूत राजाजीनगरच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होतो, समोरच्या बाकावर दोघं बसले होते. इंग्लंडहून तीस वर्षांनी आलेले कादंबरीकार गिरीराज मी पेपरातल्या फोटोवरून ओळखले. शेजारी त्यांची थोरली बहीण.

"गिरी, तुझ्या सगळ्या पुस्तकांत तो माणूस दारातच का उभा असतो रे?"

"इंग्लंडात मी तसाच होतो, अक्का. बसमध्ये शेजारी कुणी बसायचं नाही. दुकानात हाक मारली तरी ऐकायचे नाहीत. मला वाटायचं, आपल्या रंगामुळं असेल."

"एक सांगायचं राहिलं. नऊ वर्षं तुझं पत्र नव्हतं. तू दगावलास असंच आईनं धरलं. पितृपक्षात तुझं पान वाढायला लागलो."

"माझं?"

"हो. कावळा लगेच शिवायचा."

"मग माझं पत्र आल्यावर बंद केलंत ना?"

"आई म्हणाली, पोर तिकडं उपाशी असेल, वाढत राहा."

"दरवर्षी सप्टेंबरात एक दिवस मला भूकच नसायची. तोंडात खिरीची चव असायची."

"यंदा तू समोरच आहेस, म्हणून परवा वाढलं नाही. कावळा अजून गच्चीवर बसलाय. बरं, ते राहू दे. तुला होतंय तरी काय?"

"परवापासून कितीही जेवलो तरी पोट भरत नाही."

कंपाउंडरनं दारातून पुकारलं, "गिरीराज!"

"मीच," ते उठून म्हणाले.

कंपाउंडरनं सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. पुन्हा पुकारलं, "गिरीराज!"

"अहो, इथं आहे मी."

त्यानं पुढचं नाव घेतलं.

"चल गिरी," अक्का म्हणाली, "घरी जाऊन तुझं पान वाढते."