मामांचं दूध आन् माझं अल्कोहोल

अरे, आमच्या निमोण्याच्या मामांचं ऐकलं का? ते डेअरीला दूध घालतात, आन् दुधात पाणी हाय म्हणून तिथं रोज वाद. मी कोरेगाव भीमाजवळ इंजेक्शनच्या कारखान्यात, क्लीनरूमला. परवा चहा पिताना त्यांना सांगत होतो, "नव्या साहेबांनी टेबलं पुसायला नव्व्याण्णव टक्क्यांचं अल्कोहोल आणलं, तरी टेस्टमधे जंतू निघाले. बॅच अडकली."

"एवढं कडक असून?"

"कडक लगेच उडून जातं मामा, जंतू मरतच न्हाईत. मग पाणी मिसळून सत्तर टक्क्यांवर आणलं, तवा टेस्ट पास झाली."

मामांनी बशी खाली ठेवली. "म्हंजी पाणी घातल्यावर गुण वाढतो?"

"व्हय."

"मग उद्या सकाळी डेअरीत चल माझ्यासंगं. तिथं फक्त एवढंच सांग."